आधी कान तयार व्हावा लागतो

तीन वर्षांचे मूल अंगणवाडीच्या किंवा बालवाडीच्या दारात उभे राहते तेव्हा ते अक्षरओळखीच्या दृष्टीने कोरे असले, तरी भाषेच्या दृष्टीने कोरे नसते; घरातल्या माणसांचे बोलणे ऐकत त्याने आपल्या भाषेचे बरेचसे व्याकरण आत्मसात केलेले असते, कोणाशी कोणत्या सुरात बोलावे, रागावलेल्या माणसासमोर गप्प कसे बसावे आणि हवी ती वस्तू आजीकडून कशी मिळवावी हे त्याला पक्के ठाऊक असते. घरात, अंगणात आणि पाड्यावर ते ज्या भाषेत वाढले, तिला शिक्षणशास्त्रात घरची भाषा म्हणतात, आणि शिक्षण संस्था जिच्यातून चालते तिला माध्यमभाषा म्हणतात. ही दोन नावे जेथे एकाच भाषेची असतात तेथे फारसा प्रश्न उद्भवत नाही. ती जेथे वेगळी असतात, किंवा एकाच खोलीत चार घरच्या भाषा एकत्र येतात, तेथे शिकवणाऱ्या बाईंची तयारी कशी व्हावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. महाराष्ट्राचा नकाशा पूर्व, उत्तर आणि वायव्येकडून न्याहाळला तर मराठीच्या कडेने इतर भाषांची एक मोठी किनार दिसते. नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरांत भिली, पावरी, मावची, पालघरमध्ये वारली, मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या बाजूला कोलामी, चंद्रपूर आणि गडचिरोलीत गोंडी, आणि भामरागडच्या जंगलात माडिया. या भाषा एका घराण्याच्या नाहीत. वारली आणि भिली या मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातल्या आहेत, गोंडी, माडिया आणि कोलामी द्रविड कुळातल्या म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या आहेत, तर कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची दूरची बहीण आहे आणि त्या कुळातली ती सर्वांत पश्चिमेकडची भाषा मानली जाते. सन २०११ च्या जनगणनेनुसार देशभरात भिली बोलणारे सुमारे १ कोटी ४ लाख, गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार आणि कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते. एवढी माणसे बोलत असूनही या तिन्ही भाषांना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये स्थान नाही, आणि त्यामुळे पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि शिक्षक-प्रशिक्षण यांपर्यंत त्या सहजासहजी पोहोचत नाहीत.

कुळातला हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा आहे असे समजणे चुकीचे ठरते, कारण त्याचा परिणाम थेट मुलाच्या तोंडातल्या वाक्यावर होतो. मराठीत नामाला तीन लिंगे आहेत. भाकरी 'ती', भात 'तो', पाणी 'ते'. कोरकूत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते, तर गोंडीत पुरुषवाचक नामे एका बाजूला आणि उरलेली सारी दुसऱ्या बाजूला असतात. म्हणून कोरकू घरातले मूल 'भाकरी पडला' असे म्हणते तेव्हा ते निष्काळजीपणाने बोलत नसते. भाकरीला 'ती' का म्हणावे याचे कोणतेही कारण त्याच्या भाषेने त्याला दिलेले नसते, आणि खरे पाहता मराठीनेही दिलेले नाही. उलट कोरकूत दोघांसाठी वेगळे वचन आहे, म्हणजे 'आपण दोघे' आणि 'आपण पुष्कळ जण' यांतला भेद तिचे व्याकरण सांभाळते, जो मराठीत शब्द वाढवून सांगावा लागतो. आपल्या समोरचे मूल कोणत्या व्याकरणातून मराठीकडे येत आहे याची एवढी जाण असलेली शिक्षिका त्याची चूक ऐकून हसत नाही आणि रागावतही नाही. 'हो, भाकरी पडली' असे सहज म्हणून ती योग्य रूप मुलाच्या कानावर घालते आणि पुढे जाते.

अपरिचित भाषेच्या वर्गात आलेले लहान मूल बहुधा प्रथम गप्प होते. अमेरिकी अभ्यासक पॅटन टेबर्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'वन चाइल्ड, टू लँग्वेजेस' या पुस्तकात या प्रवासाचे चार टप्पे वर्णिले आहेत. मूल आधी आपल्या घरच्या भाषेतच बोलत राहते. समोरच्याला ती कळत नाही हे ध्यानात आल्यावर ते बोलणे थांबवून खुणा, नजर आणि हावभाव यांवर काम भागवते. मग 'दे', 'नको', 'माझं आहे' अशी ऐकून पाठ झालेली छोटी वाक्ये वापरू लागते. आणि शेवटी स्वतःची वाक्ये स्वतः रचते. यांतल्या दुसऱ्या टप्प्याला मौनकाळ असे म्हणता येईल. तो काही आठवड्यांचा असू शकतो, काही महिन्यांचाही असू शकतो, आणि या काळात मूल आतल्या आत पुष्कळ शिकत असते. दुर्दैव असे की याच काळात त्याच्यावर 'मंद', 'लाजाळू', 'लक्ष नाही' असे शिक्के बसतात. ज्या मुलाला खरोखरच ऐकण्याची किंवा बोलण्याची अडचण आहे त्याला ओळखण्याचा मार्गही याच अज्ञानामुळे अडतो, कारण दोघेही वर्गात सारखेच गप्प असतात. दोघांतला भेद करण्यासाठी शिक्षिकेला एक साधा प्रश्न मुलाच्या आईला विचारावा लागतो: घरी ते कसे बोलते? घरी भावंडांशी दिवसभर बोलणारे मूल अंगणवाडीत गप्प असेल, तर अडचण मुलात नसून खोलीत आहे, हे ओळखणे प्रशिक्षणाचा पहिला धडा व्हायला हवा.

एक प्रसंग जवळून पाहिला तर कानाच्या तयारीचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. गोंडी मुलांच्या अंगणवाडीत चिंचोके मोजण्याचा खेळ चालला आहे आणि एक मूल मोठ्याने मोजते आहे: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. एक ते पाच हे अंक त्याने बिनचूक मोजले, प्रत्येक अंकाबरोबर एकच चिंचोका सरकवला, म्हणजे अंकज्ञानातली अत्यंत महत्त्वाची एकास-एक संगती त्याला साधली. परंतु 'दोन' या अर्थाचा गोंडी शब्द मराठी कानाला शिवीसारखा लागतो. ज्या बाईंना गोंडीची ओळख नाही त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, ते मूल वाचते. कोणी हसले, कोणी 'असं बोलू नये' म्हटले, तर मूल मोजणेच थांबवते. त्याला गणित येत होते आणि बाईंना त्याचे गणित ऐकू आले नाही. तहान लागलेले कोरकू मूल 'डा' म्हणते, गोंडी मूल 'येर' म्हणते, आणि पाण्याचा हंडा खोलीत असूनही या एका शब्दाअभावी ते तहानलेले राहू शकते. शास्त्रीय संगीत शिकवताना गळ्याआधी कान तयार व्हावा लागतो असे जुने गुरू मानत आले आहेत; बहुभाषी वर्गातल्या शिक्षिकेच्या बाबतीत तेच खरे आहे. तिला प्रत्येक भाषा बोलता येणे शक्य नाही, पण पाणी, भूक, आई, शी-शू, दुखणे, भीती, ये, बस, दे, नको, अंक आणि नातेवाचक शब्द असे पन्नास-साठ शब्द ओळखणे निश्चितच शक्य आहे, आणि ते तिच्या नेमणुकीनंतरच्या पहिल्या महिन्याचे काम असायला हवे.

घरच्या भाषेला वर्गात जागा दिली तर मराठीची सवय लागायला उशीर होईल, ही भीती शिक्षकांत आणि पालकांतही खोलवर रुजलेली आहे, आणि ती प्रामाणिक भीती आहे. आपल्या मुलाने मराठीत मागे पडू नये असे वाटणाऱ्या आईला दोष देता येत नाही. मात्र कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेली भाषांच्या परस्परावलंबनाची उपपत्ती नेमके याच्या उलट सांगते. तिचा आशय असा की गोष्ट क्रमाने सांगणे, कारण शोधणे, तुलना करणे, समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलणे ही कौशल्ये कोणत्याही एका भाषेची मालमत्ता नसतात. ती घरच्या भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत उतरतात, आणि घरच्या भाषेत कच्ची राहिली तर दुसऱ्या भाषेतही कच्चीच राहतात. जो मुलगा आजीला कोरकूत सशाची गोष्ट 'आधी, मग, म्हणून' अशा साखळीने सांगू शकतो, त्याला मराठीत फक्त शब्द शिकायचे असतात. गोष्ट सांगणे त्याला आलेले असते. युनेस्कोने तर १९५३ सालीच लोकभाषांच्या शैक्षणिक वापरावरील अहवालात मातृभाषा हेच शिक्षणाचे उत्तम माध्यम असल्याचे म्हटले होते.

महाराष्ट्रात या विचाराला कागदी उपपत्तीच्या आधी प्रत्यक्ष कामाचा आधार मिळाला, याची आठवण प्रशिक्षणाच्या वर्गांत क्वचितच करून दिली जाते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार उभारले, आणि १९४५ साली त्या अनुताई वाघ यांच्यासह त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने, ठरलेली वेळ आणि स्वच्छ कपड्यांतील मुले ही शहरी बालशाळेची चौकट तेथे टिकण्यासारखी नव्हती. गरीब वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि 'अंगणवाडी' या आज देशभर रूढ झालेल्या शब्दामागची कल्पना तेथे आकाराला आली. साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, माती आली; गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हटले गेले. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि बालसेविकांचे प्रशिक्षण त्याचा महत्त्वाचा भाग राहिले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली, परंतु या सन्मानांपेक्षा मोलाची आहे ती त्यांची पद्धत: आधी पाड्यावर जाणे, मुले कुठे बसतात, कशाशी खेळतात, घरची माणसे केव्हा कामावर जातात हे पाहणे, आणि मग शिकवण्याचा आराखडा करणे. आजच्या प्रशिक्षणात आराखडा आधी येतो आणि पाडा नंतर, ही उलटापालट सुधारण्यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर ते सारे घडून गेलेले आहे.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. प्रत्येक अंगणवाडीत साधारणपणे एक सेविका आणि एक मदतनीस असते. सेविका शिकवते, नोंदी ठेवते, वजने घेते, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावते. मदतनीस मुलांना घरून आणते, खिचडी शिजवते, ताटल्या धुते, रडणाऱ्याला कडेवर घेते. सेविका स्थानिक असावी असा नियम असला तरी 'स्थानिक' या शब्दात पुष्कळ अंतर लपलेले असते. मुख्य गावातली मराठी बोलणारी बाई आणि दीड किलोमीटरवरच्या पाड्यातले कोलामी मूल हे एकाच ग्रामपंचायतीचे रहिवासी असतात. शिक्षणाची अट पूर्ण करणारी उमेदवार पाड्यात मिळत नाही म्हणून सेविका गावातली येते, आणि मदतनिसीसाठीची अट पूर्वी शिथिल असल्यामुळे मदतनीस पुष्कळदा पाड्यातली असते. याचा अर्थ असा की मुलांची भाषा जाणणारी व्यक्ती त्या खोलीत असते, पण ती चुलीपाशी असते. प्रशिक्षणाचा भर सेविकेवर असतो, आणि बहुभाषी वर्गासाठी लागणारी सर्वांत मौल्यवान सामग्री हिशेबात धरलीच जात नाही. दोघींना एकत्र प्रशिक्षण द्यावे, गोष्ट आधी मदतनिसीने घरच्या भाषेत सांगावी आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्याच चित्रांवरून सेविकेने मराठीत सांगावी, एवढा एक बदल केला तरी मुलांना दुसऱ्या दिवशीची मराठी गोष्ट अर्थासह ऐकता येते. मात्र हे काम मदतनिसीच्या नावावर कामगिरी म्हणून लिहिले गेले पाहिजे आणि तिच्या मानधनात दिसले पाहिजे, अन्यथा तिच्या भाषेचा उपयोग होईल आणि तिचा मान मात्र राहून जाईल.

सांस्कृतिक वैविध्य हा शब्द प्रशिक्षणात आला की बहुधा सणांचे तक्ते आणि पोशाखांची चित्रे पुढे येतात. ते वाईट नाही, पण संस्कृती त्याहून सूक्ष्म ठिकाणी राहते. अमेरिकेतील शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ सालच्या 'वेज विथ वर्ड्स' या ग्रंथात दाखवले की ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न मुलांना विचारण्याची पद्धत सगळ्या समाजांत नसते. काही घरांत मोठी माणसे तसे प्रश्न विचारतच नाहीत. अंगणवाडीत मात्र हाच प्रश्न दिवसभर चालतो: चित्र दाखवायचे आणि 'हे काय आहे?' असे विचारायचे. ज्या पाड्यावर मुले मोठ्यांच्या बरोबरीने राहून, पाहून शिकतात, त्या पाड्यावरच्या मुलाला बाई हे का विचारत आहेत याचे कोडे पडते, कारण चित्रातला कोंबडा बाईंनाही दिसतो आहे. तेच मूल 'तुमच्याकडे कोंबड्या रात्री कुठे ठेवतात?' असे विचारल्यावर बोलू लागते, कारण ते उत्तर बाईंना खरोखरच माहीत नसते. घराघरांत साठलेल्या अशा कामाच्या ज्ञानाला अमेरिकी अभ्यासक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक नाव रूढ केले, ज्याचा मराठीत 'घरचा ज्ञानसाठा' असा अर्थ होतो, आणि त्यांच्या प्रकल्पातील शिक्षकांनी हा साठा शोधण्यासाठी मुलांच्या घरी जाऊन चौकशी केली, तीही तपासनीस म्हणून नव्हे तर शिकणारे म्हणून. मोहाची फुले कोणत्या वेळी वेचतात, खेकडा कुठल्या बिळात असतो, कोणते पान विषारी असते, हे सांगू शकणारे पाच वर्षांचे मूल वर्गीकरण, निरीक्षण आणि कार्यकारण या तिन्ही गोष्टी करत असते. तक्त्यावर अननस आणि फ्रीज असल्यामुळे ते अज्ञानी ठरते.

हे सारे व्याख्यानातून शिकवता येत नाही. भाषेविषयीची वृत्ती बदलायची तर शिक्षिकेच्या स्वतःच्या भाषेपासून सुरुवात करावी लागते. महाराष्ट्रातल्या सेविका स्वतः घरी अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली, मालवणी किंवा गोरमाटी बोलत असतात. त्यांतल्या पुष्कळ जणींना शाळेत 'असं नाही, असं म्हणायचं' हे वाक्य ऐकावे लागलेले असते आणि ते त्या विसरलेल्या नसतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपले भाषाचरित्र सांगावे, म्हणजे कोणती भाषा कोणाकडून शिकलो, कुठे बोलायला आवडते आणि कुठे लाज वाटते हे गटात बोलावे, तर शुद्ध-अशुद्धतेची उतरंड कशी तयार होते हे पुस्तकाविना कळते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने अर्धा तास कोणालाही येत नसलेल्या भाषेत वर्ग घ्यावा, त्याच भाषेत प्रश्न विचारावेत आणि उत्तर न देणाऱ्याकडे रोखून पाहावे. बहुभाषी शिक्षणाच्या प्रशिक्षणांत वापरली जाणारी ही युक्ती साधी असली तरी परिणामकारक असते. प्रौढ बायका खाली पाहू लागतात, शेजारणीचे ऐकून तसेच म्हणू लागतात, कोणी पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर जाते. नेमके हेच त्यांच्या वर्गातली मुले करत असतात.

शहरांत आणि कामाच्या ठिकाणी प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. ऊसतोडीचे फड, वीटभट्ट्या आणि बांधकामाच्या जागा येथे मुले हंगामापुरती येतात आणि एकाच सावलीत कन्नड, तेलुगू, गोरमाटी, बांगला, ओडिया आणि मराठी एकत्र ऐकू येते. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केलेले आणि पुढे मुंबईतही रुजलेले मोबाइल क्रेशेसचे काम अशाच वस्त्यांमधले आहे. येथे एका भाषेवर बेतलेला द्विभाषी आराखडा चालत नाही. मुलांनी आपापसांत मिसळून बोलावे, गाणे एका भाषेत आणि खेळाचे नियम दुसऱ्या भाषेत असावेत, मोठ्या भावंडाने धाकट्यासाठी दुभाषाचे काम करावे, याला मोकळीक देणारी पद्धत लागते. सर्व भाषा एकाच पेटीतल्या साधनांप्रमाणे वापरण्याच्या या पद्धतीला अभ्यासक ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात. मराठी बाजारात, बसथांब्यावर आणि इमारतीच्या जिन्यांत माणसे पिढ्यान्पिढ्या असेच बोलत आली आहेत. वर्गातच तेवढे ते चूक मानले गेले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत स्तर म्हटले, घरच्या भाषेचा आग्रह धरला आणि अंगणवाडी सेविकांसाठी प्रशिक्षणाची तरतूद केली: बारावी किंवा अधिक शिकलेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, दोन्ही मुख्यतः दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि मोबाइलच्या साहाय्याने. सेविकेचे काम न थांबवता तिला शिकता यावे हा हेतू योग्य आहे. परंतु पडद्यावरून मिळते ते सर्वांसाठी एकसारखे असते, आणि येथे जे शिकायचे ते प्रत्येक पाड्यागणिक वेगळे आहे. कोरकू मुलाचे 'डा' ओळखण्याचा सराव मेळघाटातच होऊ शकतो. म्हणून अशा अभ्यासक्रमाचा निदान चौथा हिस्सा स्थानिक असावा लागेल, आणि त्याचे शिक्षक म्हणून पाड्यावरच्या आजी, भगत, सुईण आणि शाळेत शिकलेल्या मोठ्या मुली यांना मानधनासह बोलवावे लागेल. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडील साहित्य आणि गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड यांचा अशा वेळी चांगला आधार होतो, पण माणसाच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

सेविकेच्या नोंदवहीत मुलाचे वजन आणि उंची दरमहा लिहिली जाते. त्याच पानावर आणखी चार ओळी लिहिण्याचा सराव प्रशिक्षणातच घडवता येईल: घरी कोण कोणत्या भाषेत बोलते, घरात मराठी कोणाला समजते, मूल अंगणवाडीत पहिल्यांदा घरच्या भाषेत काय आणि कोणापाशी बोलले, आणि पहिले मराठी वाक्य कोणते, ते बाईंना उद्देशून होते की दुसऱ्या मुलाला. तिसरी ओळ बरेच दिवस कोरी राहिली, तर पुढच्या भेटीत पर्यवेक्षिकेने मुलाची परीक्षा घेण्याआधी बाईंजवळ बसून मदतनिसीला काय ऐकू आले ते विचारावे.